फळीवरची मुले आणि शहाबादी फरशी

आमच्या बिदर-कलबुरगी भागात मूल पडले, लागले, हाड मोडले, की आईच्या तोंडचे पहिले वाक्य ठरलेले असते. मी व्यवसायाला सुरुवात केली त्या काळी ते ‘कुणाची तरी दृष्ट लागली’ असे असे. पुढे केबलची तार गल्लोगल्ली पोहोचली आणि दृष्टीची जागा दूरचित्रवाणीने घेतली. ‘टीव्ही बघून बघून असं झालंय, डॉक्टरसाहेब.’ हे वाक्य ऐकले की आम्हा बालरोगतज्ज्ञांनाही उगाच बरे वाटते, कारण त्यावर बोलण्यासारखे आपल्याजवळ पुष्कळ असते. मीही पुष्कळ बोललो आहे. त्यातील एका प्रसंगी मी बोलण्याऐवजी पाहायला हवे होते. प्रस्तुत लेखाचे निमित्त तोच प्रसंग आहे.

२००३ सालची दिवाळीची सुटी होती. भालकी तालुक्यातील एका खेड्यातून एक बाई आपल्या धाकट्या मुलीला हगवण लागली म्हणून संध्याकाळी घेऊन आल्या होत्या. पाठीमागे आठ वर्षांचा मोठा मुलगा उभा. त्याच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बांबूच्या कामट्या आणि त्यांवर चिंध्यांची घट्ट पट्टी. सकाळी पडला होता आणि गावातील हाडवैद्याने हात ‘बसवून’ दिला होता. कसा पडला, ते आईनेच सांगितले. गॅरेजमधून आणलेली जुनी बेअरिंगे फळीला ठोकून पोरांनी गाडा केला होता. त्यावर उभे राहून हा ओट्याच्या टोकापर्यंत आला आणि फळीसकट खाली उडाला. खाली शहाबादी फरशी. मामाच्या घरी केबलवर त्याने म्हणे पाहिले होते, फळीवर उभी राहून पोरे हवेत उडतात आणि पुन्हा फळीवरच उतरतात.

“तुम्हीच सांगा ह्याला. माझं काय ऐकतच न्हाई,” आई म्हणाली.

मी सांगितले. चित्रातील माणसे खरी नसतात, त्यांना लागत नाही, तुला लागते. एक महिना टीव्ही बंद. मुलगा मान खाली घालून मुसमुसत होता. मला वाटले, बोलणी बसल्यामुळे रडतो आहे. मुलीसाठी जलसंजीवनीची पाकिटे दिली, आणि मंडळी गेली. त्या मुलाची बोटे मी पाहिली नाहीत.

पुढचे सांगण्यापूर्वी, त्या मुलाने जे पाहिले होते त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नेमकी कोणती मालिका, हे मी तेव्हा विचारले नाही. परंतु दोन वर्षांनी माझ्या धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियात गेलो असता तेथे पुतण्यासोबत बसून एका मालिकेचे अनेक भाग पाहिले आणि मला तो मुलगा आठवला. मालिकेचे नाव ‘रॉकेट पॉवर’. निकेलोडियन या मुलांच्या वाहिनीसाठी अर्लिन क्लास्की आणि गाबोर चुपो यांनी ती निर्माण केली. ऑगस्ट १९९९ मध्ये ती सुरू झाली आणि २००४ मध्ये संपली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ओशन शोअर्स नावाच्या कल्पित गावात राहणारी ही चार मित्रांची कथा. ऑटो आणि त्याची बहीण रेजी ही रॉकेट भावंडे, सतत हातात व्हिडिओ कॅमेरा बाळगणारा ट्विस्टर, आणि कॅन्ससहून नव्याने आलेला, चष्मेवाला, संगणकात रमणारा सॅम. ही मुले लाटांवर फळीने तरंगतात, चाकांच्या फळीवरून उड्या घेतात, छोट्या सायकली हवेत फिरवतात, चाकांच्या बुटांवर हॉकी खेळतात आणि हिवाळ्यात बर्फावरून घसरतात.

या मालिकेचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. चाकांच्या फळीचा खेळ १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लाटांवर खेळणाऱ्या मुलांनी सुरू केला. लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर घसरावे, एवढीच त्यामागील कल्पना. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची चाके आली. ती रस्ता धरून ठेवीत, त्यामुळे उड्या शक्य झाल्या. १९९५ पासून अमेरिकेत अशा खेळांच्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या. जून १९९९ मध्ये टोनी हॉक या खेळाडूने हवेत अडीच गिरक्या घेऊन फळीवर उतरण्याचा पराक्रम केला आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ‘रॉकेट पॉवर’ सुरू झाली. त्या गिरक्यांविषयी फारसे सांगितले जात नाही ते असे की, त्या रात्री तो एकामागून एक प्रयत्नांत पडत होता, आणि त्या वेळी त्याचे वय एकतीस होते. लहानपणापासून पडण्याचा सराव केलेला एकतीस वर्षांचा मनुष्य, डोक्यावर शिरस्त्राण, गुडघ्यांवर जाड गाद्या!

माझ्या अपेक्षेविरुद्ध ही मालिका मला बेजबाबदार वाटली नाही. त्यातील मुले फळीवर चढताना शिरस्त्राण घालतात, कोपर-गुडघ्यांना संरक्षक बांधतात. ऑटो अतिशय अहंमन्य आहे आणि त्या अहंकारापायी तो वारंवार तोंडघशी पडतो. सॅमला काही नीट जमत नाही, तो घाबरतो, तरी मित्र त्याला सोडत नाहीत. आणि विशेष म्हणजे मुलांच्या अवतीभवती मोठी माणसे आहेत. रॉकेट भावंडांचे वडील किनाऱ्यावर खाद्यपदार्थांचे छोटे दुकान चालवतात, आणि त्यांचा हवाईयन मित्र टिटो सतत काहीतरी वाडवडिलांची म्हण ऐकवीत असतो. हे दोघेही तरुणपणी लाटांवर खेळलेले. आपल्या भाषेत सांगायचे तर टिटो हा वस्ताद आहे. तालमीत जसा वस्ताद ओट्यावर बसून, काही करीत नाही असे भासवीत, प्रत्येक पोराच्या पायाकडे पाहत असतो, तसा.

मग माझ्या मनात प्रश्न आला की, हे सगळे त्या भालकीकडच्या मुलापर्यंत का पोहोचले नाही? उत्तर मला पुतण्याने दिले. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. उड्यांची इंग्रजी नावे त्याला तोंडपाठ होती. मी विचारले, “अरे, ती मुलं डोक्यावर काय घालतात?” तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, “टोपी.”

लहान मूल दृश्यातून कृती उचलते, तिची पूर्वतयारी उचलत नाही. बकल लावण्यात गती नाही, आवाज नाही, कुणी टाळ्या वाजवीत नाही. उडीत सगळे आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्ड येथे १९६१ मध्ये आणि पुन्हा १९६३ मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेले प्रयोग आपण वैद्यकीय अभ्यासक्रमात ओझरते वाचलेले असतात. दुसऱ्या प्रयोगात ९६ मुले होती. काहींना एक मोठी व्यक्ती हवेच्या बाहुलीला बदडताना प्रत्यक्ष दाखवली, काहींना तेच चित्रपटात, तर काहींना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर काळ्या मांजरीच्या वेशातील पात्र तेच करताना दाखवले. तिन्ही गटांतील मुलांनी बाहुलीला बदडले. चित्रपट पाहिलेल्यांची नक्कल प्रत्यक्ष पाहिलेल्यांपेक्षा कमी नव्हती. मांजर खोटी आहे हे मुलांना कळत नव्हते असे नव्हे. कळूनही हात उठत होते. म्हणून ‘ते खरं नसतं’ हे आपले आवडते वाक्य फारसे उपयोगाचे नाही. सहा-सात वर्षांच्या मुलालाही ते ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते स्वतःच्या शरीराचे वजन, आणि चित्रातल्या शरीराला वजनच नसते. चित्रकाराने ते जेथे थांबवावे तेथे ते थांबते. शिवाय पडद्यावर यशस्वी उडी चार सेकंदांची असते आणि तिच्यामागील शेकडो फसलेल्या उड्या दाखवल्या जात नाहीत.

आपल्याकडे याचा अनुभव ‘शक्तिमान’च्या काळात आला. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर चाललेल्या त्या मालिकेची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या, आणि नायक मुकेश खन्ना यांना पडद्यावरूनच मुलांना असे करू नका म्हणून समजावावे लागले. पुढे २००८ मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादेतील ग्रीन गोल्ड या संस्थेचा ‘छोटा भीम’ आला. तो लाडू खाऊन पर्वतही हलवतो. त्याच्यावरही माता-पित्यांचा रोष असतोच. लाडवांबाबत मात्र मुले त्याची नक्कल करीत नाहीत, निदान माझ्या दवाखान्यात तरी तसे सांगणारी आई भेटली नाही.

आता पुन्हा त्या मुलाकडे.

दोन दिवसांनी ती बाई परत आली. या वेळी मुलासाठी. ताप होता, रात्रभर झोपला नव्हता. पट्टी मी स्वतः कापली. बोटे सुजलेली, गार, निळसर, आणि अर्धवट मिटलेली. मी ती सरळ करू लागताच मुलगा किंचाळला. त्याच गाडीने त्यांना सोलापूरला पाठवले. शस्त्रक्रिया झाली, हात वाचला, परंतु पंजा पूर्ववत झाला नाही.

अशा पडण्यात काय घडते ते समव्यावसायिक मित्रांना ठाऊक आहे. तथापि ही स्मरणिका घरातील मंडळीही वाचतात, म्हणून विस्ताराने लिहितो. पडताना मूल स्वाभाविकपणे हात पुढे टेकवते. सारा भार सरळ हातावरून कोपरावर येतो. पाच ते आठ वर्षांच्या वयात दंडाचे हाड कोपराच्या लगेच वर पातळ असते आणि तेथेच ते मोडते. वाळूवर पडले तर कदाचित निभावते. आपल्या घरांतून, ओट्यांवर, शाळांच्या व्हरांड्यांत शहाबादी फरशी आहे. तो चुनखडीचा दगड आपल्याच कलबुरगी जिल्ह्यातील शहाबादचा, उन्हाळ्यात थंड, झाडायला सोपा, आणि पडणाऱ्यासाठी निर्दय. मोडलेल्या जागेच्या अगदी पुढून हाताची मुख्य धमनी व नसा जातात. तिथे सूज येते. कोपराखालील स्नायू जाड पडद्यांच्या कप्प्यांत बंद असतात. सूज वाढली की कप्प्यातील दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. त्यावर बाहेरून घट्ट पट्टी असेल तर हे लवकर आणि अधिक तीव्रतेने घडते. सुमारे सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात. मेलेला स्नायू पुढे आकसून दोरीसारखा होतो आणि बोटे पक्ष्याच्या नखांसारखी वळतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले आणि घट्ट पट्ट्यांकडे बोट दाखवले. म्हणजे माझ्या चुकीच्या सव्वाशे वर्षांपूर्वी हे छापून आले होते.

सकाळी पडलेला मुलगा संध्याकाळी माझ्यासमोर उभा होता. पट्टी तेव्हाच कापली असती तर काय झाले असते, याचे गणित मी अनेकदा केले आहे. दोष हाडवैद्याला देणे सोपे होते, आणि केबलला देणे त्याहून सोपे. हाडवैद्याला फोल्कमान ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला ठाऊक होता.

म्हणून पालकांना सांगतो: हात मोडल्याचा संशय असेल तर चोळू नका, तेल लावू नका, ओढून बसवू देऊ नका. कडे, अंगठी, करदोरा बांधलेला असेल तर तो, सूज येण्यापूर्वी काढा. हात आहे त्याच स्थितीत जाड पुठ्ठ्यावर किंवा वर्तमानपत्राच्या घडीवर सैल बांधून, गळ्यात झोळी करून डॉक्टरकडे न्या. प्लास्टर झाल्यानंतरही पहिले दोन दिवस बोटे पाहत राहा. नख दाबून सोडले की गुलाबी रंग लगेच परत आला पाहिजे. बोटे गार पडली, मुंग्या आल्या, किंवा बोट हळूच सरळ केले असता मूल जोरात रडले, तर रात्र असो की पहाट, पट्टी सोडवून घ्यावी. औषध देऊनही थांबत नसलेली वेदना हीच पहिली सूचना असते. मनगटाची नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये. दाब धोकादायक झाला तरी नाडी पुष्कळ वेळ लागत राहते. आणि मुसमुसणारे मूल बोलणी बसली म्हणूनच रडत असेल असे समजू नये.

डोक्याच्या इजेविषयी थोडक्यात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, त्यामुळे ते डोक्यावर पडते. पडल्यावर मूल खेळू लागले म्हणजे संकट टळले असे नाही; काही मुले दोन-तीन तास ठीक असतात आणि मग कवटीच्या आत साचणाऱ्या रक्तामुळे गुंगू लागतात. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, उठवूनही नीट जागे न होणे, झटके, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय. आणि पक्का दात मुळासकट पडला तर तो मुळाला न धरता उचलून थंड दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

मग मुलांनी असे खेळच खेळू नयेत काय? असे मी कधीच म्हणणार नाही. आपल्या पिढीतील खेड्यातली मुले पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत उतरली, पण काठावर आजोबा किंवा काका बसलेले असत. मल्लखांबावर उलटे लटकणारे पोर पाहून कुणी किंचाळत नाही, कारण खाली माती उकरलेली असते आणि शेजारी वस्ताद असतो. आपल्याच राज्यातील बेळगावने चाकांच्या बुटांच्या खेळात मोठे नाव कमावले. तेथील रोहन कोकणे याने २०११ मध्ये इटलीतील मिलान येथे, बुटांवर बसकण मारून, उभ्या मोटारींच्या खालून ३८ मीटरांहून अधिक अंतर पार करून जागतिक विक्रम नोंदवला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, चाकांच्या फळीचा खेळ प्रथमच आला आणि एका प्रकारात जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशिया हिने सुवर्णपदक घेतले. खेळ खरा आहे आणि मुलांचा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००२ मध्ये दिलेला सल्ला मला व्यवहार्य वाटतो: पाच वर्षांखालील मुलाला चाकांची फळी देऊ नये, आणि दहा वर्षांखालील मुलाला ती कुणी जबाबदार व्यक्ती जवळ असल्याशिवाय चालवू देऊ नये. पडद्यापुढील वेळेबद्दल आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचना आहेतच: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, दहापर्यंत दोन तासांपेक्षा कमी.

शिरस्त्राणाची सवय मात्र खेळाच्या मैदानावर लागणार नाही. ज्या मुलाला वडील रोज दुचाकीच्या टाकीवर उघड्या डोक्याने बसवून शाळेत सोडतात, त्याला ऑटो रॉकेटच्या डोक्यावर टोपीच दिसणार. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर शिरस्त्राण आवश्यक आहे, आणि चार वर्षांखालील मुलांसाठी पट्टा, लहान मापाचे शिरस्त्राण व ताशी ४० किलोमीटरची मर्यादा यांचा नियम २०२३ पासून लागू आहे. आमच्या दवाखान्याबाहेर उभ्या राहणाऱ्या दुचाकींवरून हे नियम ओळखता येत नाहीत.

गेल्या वर्षी तिशीतला एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या मुलीला लस देण्यासाठी घेऊन आला. लसीकरणाचे कार्ड त्याने उजव्या हाताने पुढे केले. डावा हात कुशीला होता, बोटे वळलेली. मी ओळखले, आणि मी ओळखले हे त्यानेही ओळखले. दोघेही त्याविषयी काही बोललो नाही. बिदरमध्येच त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. बारीक स्क्रू उजव्या हाताने बसवतो, डाव्या पंजाने फोन दाबून धरतो.

“डॉक्टरसाहेब, हिला स्केटिंगच्या क्लासला घालू का? लई मागं लागली आहे.”

शिकवणारे कोण, जमीन कशी, एका वेळी मुले किती, हे मी विचारले. त्याने सगळे पाहून ठेवले होते. पिशवीतून त्याने गुलाबी रंगाचे शिरस्त्राण काढून टेबलावर ठेवले. मुलीने ते लगेच घातले, तर ते मागे सरकून सारे कपाळ उघडे पडले. मी तिला खुर्चीवर उभी केली, भुवयांवर दोन बोटे ठेवून कड तिथपर्यंत पुढे ओढली, कानांखाली दोन्ही पट्टे जुळवले आणि हनुवटीखाली माझे एक बोट मावेल एवढी जागा ठेवून बकल लावले. मग ते काढून वडिलांच्या हाती दिले आणि म्हटले, “आता तुम्ही लावून दाखवा.” एका हाताने बकल लागायला वेळ लागला. मुलगी न हलता उभी होती.